लोवेल वेधशाळा, फ्लॅगस्टाफ: कालव्यांच्या खात्यातल्या माणसाने पाहिलेला मंगळ

फिनिक्सला मुलाकडे किंवा मुलीकडे मुक्कामाला येणाऱ्या आपल्या मंडळींचा दौरा ठरलेला असतो. सेडोना, ग्रँड कॅन्यन, जमलं तर लास व्हेगस. फ्लॅगस्टाफ वाटेत लागतं, तिथे पेट्रोल भरून, पाय मोकळे करून लोक पुढे सटकतात. माझं म्हणणं, तिथे एक दुपार आणि एक रात्र काढा आणि गावाच्या डोक्यावर जी टेकडी आहे तिच्यावरची लोवेल वेधशाळा बघा. टेकडीचं नावच मार्स हिल. दुर्बिणीसाठी जा, प्लूटोसाठी जा, सगळं आहे. मी मात्र हे लिहायला बसलो ते तिथल्या मंगळाच्या गोलांसाठी. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी पर्सिव्हल लोवेल या माणसाने दुर्बिणीला डोळा लावून जे पाहिलं, ते हाताने गोलांवर उतरवलं. पृथ्वीचा गोल असतो तसा मंगळाचा गोल, आणि त्यावर सगळीकडे कालवेच कालवे.

कालव्यांबद्दल बोलायचा मला थोडा अधिकार आहे. मी पाटबंधारे खात्यात अनुरेखक, म्हणजे नकाशे ट्रेस करणारा, म्हणून लागलो आणि आरेखक, म्हणजे नकाशे काढणारा, म्हणून निवृत्त झालो. खात्याचं नाव पुढे जलसंपदा झालं, आमच्या तोंडी पाटबंधारेच राहिलं. जायकवाडीचा डावा कालवा २०८ किलोमीटर, उजवा १३२. त्यांच्या वितरिका, चाऱ्या, जलसेतू, सायफन यांच्या किती शीट माझ्या बोर्डावरून गेल्या त्याची मोजदाद नाही. ट्रेसिंगवर काळी शाई, चुकलं तर ब्लेडने अलगद खरवडायचं, नखाने घासून जागा गुळगुळीत करायची, मग अमोनिया प्रिंट. ऑफिसात संगणक आला तेव्हा माझी निवृत्ती जवळ आली होती, त्यामुळे मी शेवटपर्यंत हातानेच काढत राहिलो. तेव्हा हा अभिप्राय खगोलवाल्याचा नाही, रेषा मारणाऱ्याचा आहे, हे ध्यानात घेऊन वाचावा.

आधी जायचं कसं. फिनिक्सहून आय-१७ ने दोन-अडीच तास. निघताना हजार-अकराशे फुटांवर असता, पोचता तेव्हा सात हजारांच्या वर. खाली हात वर करून उभे असलेले सग्वारो निवडुंग, वर उंचच उंच पाइन. गावातून टेकडीवर जायला मैलभराचा चढाचा रस्ता, गाडी थेट वर जाते. वर चालताना साठीच्या पुढच्यांना धाप लागते, ती उंचीमुळे. घाबरू नका, सावकाश चाला, पाणी पीत राहा.

वेधशाळा १८९४ सालची. लोवेल बॉस्टनच्या गडगंज घराण्यातला, हार्वर्डला गणित शिकलेला, बरीच वर्षं जपान-कोरियात फिरून त्यावर पुस्तकं लिहिलेला. चाळिशीच्या उंबरठ्यावर त्याला मंगळाने झपाटलं. इटलीत मिलानला शियापारेल्ली नावाच्या खगोलशास्त्रज्ञाने १८७७ मध्ये मंगळावर बारीक सरळ रेषांचं जाळं पाहिलं होतं. लोवेलने ठरवलं की याचा छडा आपणच लावायचा. स्वतःच्या पैशाने त्याने इथे, तेव्हा राज्यही न झालेल्या अ‍ॅरिझोनात, हवा स्वच्छ आणि आकाश काळं म्हणून वेधशाळा उभारली. आणि १९१६ मध्ये मरेपर्यंत तो या रेषांच्या मागे होता.

गोल पाहायचे तर रोटुंडा नावाच्या जुन्या, घुमटाच्या इमारतीत जायचं. पूर्वी हे ग्रंथालय होतं. छताला शनीच्या आकाराचा दिवा लटकतो, कडं-बिडं सगळं असलेला. माझा नातू त्या दिव्याखालून हलायला तयार नव्हता, त्यामुळे मला गोलांपुढे निवांत उभं राहता आलं. बाकीचे लोक अर्धा मिनिट थांबतात, फोटो काढतात आणि ‘प्लूटो कुठाय’ विचारत पुढे जातात.

मी चष्मा कपाळावर चढवून जवळ गेलो. खालचा रंग पिवळट गेरू. त्यावर निळसर-हिरवट काळोखे भाग, ज्यांना पूर्वी समुद्र समजायचे. आणि त्यावरून, समुद्र-जमीन न बघता, केसासारख्या रेषा. एक रेषा या टोकापासून निघते ती डावी-उजवी न होता थेट त्या टोकाला. जिथे तीन-चार रेषा भेटतात तिथे गोल ठिपका. अशा ठिकाणी, म्हणजे चार रेषा एका बिंदूत आल्या की, आमच्याकडे शाई साचायची आणि साहेब शीट परत पाठवायचे. लोवेलने ठिपके मुद्दाम काढलेत. त्याच्या मते ती वाळवंटातली हिरवी ठिकाणं होती, ओअ‍ॅसिस.

हात मात्र मानला पाहिजे. सपाट कागदावर सरळ रेषा मारायला टी-स्क्वेअर आहे. चेंडूवर काय लावणार? सेट-स्क्वेअर बसत नाही, कंपासचं टोक घसरतं, हाताला टेकू नाही. लवचिक पट्टी धरून किंवा नुसत्या अंदाजाने मारावी लागते, आणि मध्ये श्वास सोडला तर रेषा हलते. मी एका लांब रेषेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली. कुठे जाड झाली नाही, कुठे थरथरली नाही. आमच्या कार्यालयात हा माणूस आला असता तर परीक्षा न घेता मुख्य आरेखक केला असता.

गोलच का, कागद का नाही, याचं कारण मला तिथे उभ्या उभ्याच पटलं. मंगळ वाटोळा. त्यावरची सरळ रेषा कागदावर आणली की वाकडी होते, ध्रुवाजवळ तर भलतीच फाकते. लोवेलचा सगळा दावा रेषांच्या सरळपणावर उभा होता. इतक्या सरळ रेषा निसर्ग काढत नाही, म्हणजे कोणीतरी काढल्या, म्हणजे तिथे कोणीतरी आहे. हे दाखवायचं तर गोलच हवा. शिवाय मंगळ दर सव्वीस महिन्यांनी प्रतियुतीला, म्हणजे पृथ्वीच्या जवळ येतो. प्रत्येक वेळी त्याच्या कुठल्या ना कुठल्या भागावर नवं काही दिसायचं, की नव्या प्रतियुतीला नवा गोल. पहिल्या पुस्तकासाठी तर त्याने एक गोल, मंगळ तेव्हा पृथ्वीकडे जसा कललेला होता तसाच कलवला, थोडा थोडा फिरवत त्याचे फोटो घेतले आणि तेच छापले. वाचकाला वाटावं, दुर्बिणीतून मंगळच बघतोय.

आता माझी तक्रार. तक्रार वेधशाळेबद्दल नाही, सव्वाशे वर्षांपूर्वीच्या आरेखकाबद्दल आहे. मला त्या गोलांवर एकही तुटक रेषा दिसली नाही.

आमच्याकडे रेषांचे नियम होते. झालेलं काम सलग रेषेत. प्रस्तावित असेल तर तुटक. सर्व्हेची खात्री नसेल तर तुटक आणि वर पेन्सिलने बारीक प्रश्नचिन्ह, साहेबांनी तपासायला. अनुरेखकाला पहिल्याच दिवशी हे शिकवायचे, कारण एकदा का शाईची सलग रेषा पडली की कागद वाचणारा प्रत्येक माणूस तिला खरी मानतो. सर्व्हेवाल्याने उन्हात दमून अंदाजे टाकलेला बिंदू माझ्या पेनातून सलग गेला की तो बेंचमार्क होऊन बसतो. पुढे त्यावरून एस्टिमेट होतं, भूसंपादन होतं, टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याला पाणी पोचत नाही तेव्हा कुठे कळतं की चेनेज, म्हणजे कालव्याच्या सुरुवातीपासून मोजलेलं अंतर, चुकली होती. रेषेची जाडी आणि रेषेचा प्रकार म्हणजे काढणाऱ्याने दिलेली कबुली असते, मला किती खात्री आहे याची.

लोवेलला दिसत काय होतं ते बघा. मंगळ अगदी जवळ आला तरी आकाशात तो पौर्णिमेच्या चंद्राच्या सत्तराव्या हिश्शाएवढा. दुर्बिणीतून मोठा दिसला तरी हवेमुळे सतत थरथरणारा. मध्येच एखादा क्षण हवा स्थिर होते, तपशील लख्ख दिसतो, आणि तुम्ही पेन्सिल उचलेपर्यंत गेलेला असतो. म्हणजे सगळं आठवणीतून काढायचं. हा जगातला सगळ्यात कच्चा सर्व्हे, आणि त्यावर सगळ्यात पक्की शाई. चारशेच्या वर कालवे त्याने असे नकाशावर आणले.

त्याच्या हाताखाली डग्लस नावाचा सहायक होता. वेधशाळेसाठी फ्लॅगस्टाफची जागा निवडण्यात मुख्य वाटा याचाच. त्याने एक साधी गोष्ट केली. खोट्या ग्रहांच्या तबकड्या लांब ठेवून त्या दुर्बिणीतून पाहिल्या, डोळा काय काय पदरचं घालतो ते तपासलं. आणि त्याला शंका आली की या रेषांतल्या काही तरी डोळ्याच्या आहेत, मंगळाच्या नाहीत. म्हणजे तुटक रेषा मारायला हवी असं म्हणणारा माणूस ऑफिसात होता. १९०१ मध्ये लोवेलने त्याला काढून टाकलं. आमच्याकडे असा शेरा मारणाऱ्याची फार तर गडचिरोलीला बदली व्हायची, इथे थेट घरी. पण हा गडी पुढे झाडांच्या खोडातली वर्तुळं मोजून जुन्या इमारतींचा काळ ठरवायची विद्या काढून नाव कमावून गेला. मला त्या सगळ्या कहाणीत सगळ्यात जास्त आवडला तो डग्लस.

बरं, लोवेल वेडपट होता असं म्हणावं तर तेही जमत नाही. घरी आल्यावर मुलीने त्याची जुनी पुस्तकं नेटवर काढून दिली, हक्क संपलेली, फुकट मिळतात. मी शब्दकोश घेऊन वाचली. माणूस विचार करायचा आमच्यासारखा. पहिली गोष्ट म्हणजे, त्याचं म्हणणं असं की आपल्याला दिसते ती रेषा खुद्द कालव्याची नाहीच. इतक्या लांबून कालवा कसा दिसेल? दिसतो तो दोन्ही काठांनी उगवलेला हिरवा पट्टा. हे वाचून मी बायकोला म्हटलं, “अगं, हा लाभक्षेत्र म्हणतोय, कालव्याच्या पाण्यावर भिजणारी जमीन.” विमानातून पैठणच्या खालचा भाग उन्हाळ्यात बघा. कालवा दिसत नाही, हिरवळ दिसते.

दुसरी गोष्ट आकड्यांची. मंगळाच्या ध्रुवावरचा बर्फ वितळला की काळोखेपणाची एक लाट ध्रुवाकडून विषुववृत्ताकडे सरकते, असं त्याने नोंदलं. त्याच्या हिशेबाने दिवसाला ५१ मैल. मी पाठीमागच्या कोऱ्या पानावर आकडेमोड केली. ताशी सव्वातीन-साडेतीन किलोमीटर, म्हणजे सेकंदाला मीटरभराच्या आसपास. अस्तरीकरण केलेल्या कालव्यात आम्ही जवळपास हाच वेग धरायचो! जास्त धरला तर अस्तर खरवडतं, कमी धरला तर गाळ बसतो. चूक इतकी नीटनेटकी असली की ती पकडणं अवघड जातं. मी त्याच्या काळात असतो आणि कोणी मला हा एवढाच आकडा दाखवला असता, तर मीही मान डोलावली असती.

सरळपणा मात्र मी तेव्हाही पास केला नसता. कालवा सरळ जात नसतो. पाणी उताराने जातं, उतार किलोमीटरला काही सेंटिमीटर, म्हणून कालवा कंटूर, म्हणजे सारख्या उंचीची रेषा, धरून डोंगराच्या पोटापोटाने वळसे घेत जातो. जिथे सरळ न्यायचाच तिथे खोल खोदाई, नाहीतर भराव, नाहीतर जलसेतू, आणि प्रत्येकाचा खर्च वेगळा. हजारो मैल सरळ रेषेत जाणारा कालवा म्हणजे वाटेत ना टेकडी, ना दरी, ना नाला. त्यावर लोवेलचं उत्तर तयार होतं. मंगळ सपाट आहे, आणि ध्रुवाकडून विषुववृत्ताकडे पाणी आपोआप वाहणार नाही, म्हणजे ते पंपाने उचलत असणार, म्हणजे तिथले लोक आपल्यापेक्षा हुशार. उचलून पाणी नेणं इथे अ‍ॅरिझोनातच चालतं म्हणा. कोलोराडो नदीचं पाणी ३३६ मैल लांब कालव्याने, पंपांनी जवळजवळ २,९०० फूट उचलून, फिनिक्स-टूसॉनपर्यंत आणलंय. वर उघडा, खाली वाळवंट. मुलीच्या घराजवळून एक जुना कालवा जातो, त्याच्या काठाने मी रोज सकाळी चालतो. त्याहूनही आधी, कित्येक शतकांपूर्वी, होहोकाम लोकांनी याच खोऱ्यात कालवे खोदून मका पिकवला होता. पण हे सगळे कालवे जमिनीला विचारून वळतात.

१९०७ मध्ये आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी, उत्क्रांतीचा सिद्धांत डार्विनच्या बरोबरीने मांडणारे तेच, ऐंशी ओलांडल्यावर लोवेलला उत्तर लिहिलं. त्याचा मथितार्थ: एवढं थोडं पाणी, असं कोरडं वाळवंट, वर निरभ्र आकाश, त्यातून उघड्या कालव्याने ते पलीकडच्या गोलार्धात नेणं हे शहाण्यांचं काम नाही, वेड्यांचं आहे. बाष्पीभवन आणि पाझर! आमच्या खात्यातली सगळी भांडणं याच दोन शब्दांवरून.

काळही तसाच होता हे मान्य करायला हवं. सुएझ १८६९ मध्ये सुरू झालेला, पनामात फ्रेंचांनी हात पोळून घेतलेले, आमच्याकडे नीरेवर इंग्रज डावा कालवा काढत होते. जो तो कालवे खणत होता. मंगळावरच्यांनी का खणू नयेत?

गोलांवरची नावं हा आणखी एक गमतीचा भाग. नावं देण्याची पद्धत शियापारेल्लीची, जुन्या भूगोलातली आणि पुराणातली. त्याच्या कालव्यांत नाईल आहे, युफ्रेटिस आहे, आणि आपल्या गंगा-सिंधूही आहेत. झेलमसुद्धा, ग्रीक नावाने, हायडास्पिस. गंगेचा कालवा तर पुष्कळदा दुहेरी दिसायचा म्हणे. मी गोदावरी शोधली. ग्रीकांना गोदावरी माहीत नसावी. कालवे गेले तरी यातली नावं टिकलीत, आजच्या नकाशात मंगळावर ‘गँजेस’ नावाची प्रचंड घळ आहे. आणि या रेषांतली एक अगदीच खोटी नव्हती. आगाथोडेमॉन नावाचा कालवा जिथे काढलाय, तिथे पुढे यानांना जवळजवळ चार हजार किलोमीटर लांबीची व्हॅलेस मरिनेरिस ही दरी सापडली. बाकीचे चारशे बाद, एक पास. काळोखा त्रिकोण सिर्टिस मेजर, फिकट वाटोळं हेलास हेही खरे आहेत, आजही दुर्बिणीतून दिसतात. आणि ती काळोखेपणाची लाट? ऋतूप्रमाणे मंगळाचा रंग बदलतो हे खरंच आहे, पण ते वारा आणि धुळीचं काम.

कालवे मेले ते एका दिवसात नाही. १९०३ च्या सुमारास ग्रीनिच वेधशाळेतले खगोलशास्त्रज्ञ माँडर यांनी शाळेतल्या पोरांना लांबून ठिपके-ठिपके असलेलं चित्र दाखवून ते काढायला सांगितलं. पोरांनी ठिपके जोडून रेषा काढल्या. १९०९ मध्ये पॅरिसजवळच्या म्यूदाँच्या मोठ्या दुर्बिणीतून अंतोनियादी या खगोलशास्त्रज्ञांना रेषांच्या जागी तुटके, वेडेवाकडे डाग दिसले. तरीही १९६२ मध्ये अमेरिकन हवाई दलाने मंगळाचा नकाशा केला त्यात कालवे होते, कारण तो याच वेधशाळेतल्या अर्ल स्लायफर यांच्या कामावर बेतलेला. शेवटी जुलै १९६५ मध्ये मरिनर-४ यान जवळून गेलं, वीस-बावीस फोटो पाठवले. त्यात खड्डेच खड्डे. सलग रेषेची ताकद एवढी, की ती मारणारा गेल्यावरही जवळजवळ पन्नास वर्षं टिकली.

आणि शुक्र! लोवेलने शुक्रावरही रेषा काढल्या, चाकाच्या आऱ्यांसारख्या. शुक्र प्रखर असल्याने तो दुर्बिणीचं भिंग झाकून अगदी लहान भोकातून बघायचा. डोळे तपासणाऱ्या एका तज्ज्ञाने अलीकडे असं मांडलंय की इतक्या बारीक झोतात बघणाऱ्याला स्वतःच्याच डोळ्यातल्या रक्तवाहिन्यांची सावली दिसते. म्हणजे शुक्राचा नकाशा म्हणून त्याने स्वतःचा डोळा काढला असावा. हे मुलीने वाचून दाखवलं तेव्हा मी दोन मिनिटं हसत होतो, मग जरा गप्प झालो. माझ्या शीटवर माझं काय काय उतरलं असेल कोण जाणे.

तिथे माहिती सांगायला असलेल्या पोराने मला विचारलं, “तुम्हाला यात एवढा रस कसा?” मुलीने इंग्रजीत सांगितलं की बाबा भारतात सरकारी खात्यात कालव्यांचे नकाशे काढायचे. तो म्हणाला, मग तुम्ही लोवेलचे सहकारीच. मी म्हटलं, त्याला सांग, आमचे कालवे नंतर खोदून झाले.

या जागेला मी पाचपैकी पाच तारे देतोय ते याचसाठी. संस्थापकाची एवढी मोठी चूक त्याच्याच वास्तूत, त्याच्या नावाखाली, काचेआड मानाने ठेवलेली मी दुसरीकडे पाहिली नाही. आपल्याकडे असं काही असतं तर एव्हाना जयंती समितीने कपाटात लोटून कुलूप घातलं असतं.

बाकी गोष्टी भराभर सांगतो. क्लार्क दुर्बीण बघाच. १८९६ ची, २४ इंची भिंगाची, बत्तीस फूट लांब नळी, पितळी चाकं चकचकीत. मंगळ याच दुर्बिणीतून पाहिला गेला आणि पुढे अपोलोसाठी चंद्राचे नकाशेही इथेच बसून चित्रकारांनी काढले. घुमट बांधला गावातल्या सायक्स बंधूंनी, ज्यांच्या दुकानावर ‘काहीही बनवून आणि दुरुस्त करून मिळेल’ अशा अर्थाची पाटी होती. सगळा घुमट जुन्या फोर्ड पिकअपच्या टायरांवर फिरतो. जुगाड हा शब्द त्यांना माहीत नाही, एवढंच. शेजारी निळ्या काचेच्या घुमटाखाली लोवेलची समाधी. त्याच्याकडे व्हीनस नावाची गाय होती हेही तिथेच कळलं.

प्लूटो १९३० मध्ये इथेच सापडला, कॅन्ससच्या शेतकऱ्याच्या घरातल्या क्लाइड टॉम्बॉ या तरुणाने शोधला. ती दुर्बीणही आहे. नातवाला प्लूटोला ग्रहांतून काढल्याचा राग आहे, त्याने तो तिथे मोठ्याने व्यक्त केला आणि आजूबाजूच्या चार जणांनी टाळ्या वाजवल्या. गावाला तो राग अजून आहे असं दिसतं.

अंधार पडल्यावर दुर्बिणी लावतात. आम्हाला शौरी तारकासमूहातला एम-१३ हा तारकागुच्छ दिसला. हिने डोळा लावला आणि म्हणाली, “साबुदाणा सांडलाय.” दुर्बिणीतून टीव्हीवरच्यासारखे रंगीत फोटो दिसतील या आशेने जाऊ नका, फिकट राखाडी दिसतं. मंगळ त्या दिवसांत रात्रीच्या आकाशात नव्हता. तो बघायचाच असेल तर प्रतियुतीच्या आसपासची तारीख काढून जा. आकाश मात्र असं, की लहानपणी गावी उन्हाळ्यात अंगणात झोपायचो त्याची आठवण व्हावी. रात्रीच्या दिव्यांवर या गावाने १९५८ पासून नियम केलेत.

जुलै-ऑगस्टमध्ये जाऊ नका. तिथेही पावसाळा असतो, दुपारपासून ढग भरतात. मे-जूनचा पूर्वार्ध किंवा ऑक्टोबर उत्तम. मे महिन्यातही रात्री स्वेटर आणि कानटोपी लागते, फिनिक्सच्या उन्हातून निघताना हे कोणी सांगितलं तर हसू येतं, पण घ्या. वेळा आणि तिकिटं आधी वेबसाइटवर बघा. दिवसा पोचून गोल आणि रोटुंडा, मग गावात जेवण, मग रात्री दुर्बिणीसाठी परत वर, असा क्रम ठेवा. आम्ही तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लोणचं नेलं होतं, ते पार्किंगमध्ये गाडीत बसून संपवलं. अगदी लहान मुलं असतील तर त्यांचा रस तासाभरात संपेल.

मुक्काम कुठे केला ते सांगत नाही, कारण त्या मोटेलबद्दल चांगलं लिहिण्यासारखं काही नाही. खिडकीखालून रूळ आणि रात्रभर मालगाड्या, एकेक गाडी संपता संपत नाही. फ्लॅगस्टाफला खोली घेताना रुळांपासून किती लांब आहे हे नकाशावर बघूनच घ्या. सकाळी तिथून ग्रँड कॅन्यन दीड तासावर.